खांदशेकणी आणि कायदा

पांढुर्णा म्हटले की बाहेरच्या वाचकास जाम नदीतील गोटमारच आठवते. ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची. आम्हांस मात्र पोळ्याच्या आदल्या संध्याकाळविषयी लिहावयाचे आहे. पांढुर्णा व सौसर या तालुक्यांचा 2023 साली स्वतंत्र जिल्हा झाला. 1956 पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता आणि येथील सणवार अद्याप नागपूर-वऱ्हाडकडचेच आहेत. त्या संध्याकाळी जुवाने घासलेला बैलाचा खांदा तूप-हळदीने शेकतात आणि दुसऱ्या दिवशी जेवावयास येण्याचे त्यास आवतण देतात.

ही दया गोठ्यातली. कायद्याची दया मात्र रस्त्यावरून सुरू झाली. 1890 च्या कायद्याने मुख्यतः लोकांच्या नजरेस पडणारी क्रूरता तेवढी अपराध ठरविली. गोठ्याच्या कुडाआड काय घडते ते त्याने पाहिले नाही. ही उणीव रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी हेरली. नर्तकी म्हणून कीर्ती मिळविलेल्या या विदुषी 1952 साली राज्यसभेवर नियुक्त झाल्या व पुढल्याच वर्षी त्यांनी नवे विधेयक मांडले. सरकार स्वतःच कायदा करील, या पंडित नेहरूंच्या आश्वासनावर त्यांनी ते मागे घेतले. कायदा आला 1960 मध्ये. 1962 साली स्थापन झालेल्या पशुकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा त्याच झाल्या. सात-आठ वर्षे सभागृहात टिकून राहणे, हे नृत्याहून सोपे नसावे!

1965 च्या नियमांनी आमच्या मते खरा शेतकरी ओळखला. ओढकामाच्या जनावरास दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक जुंपू नये, सलग पाच तासांनंतर विसावा द्यावा, आणि पारा 37 अंशांवर गेला असता दुपारी बारा ते तीन काम घेऊ नये. सौसरचा वैशाख ज्याने पाहिला आहे, त्यास या तीन तासांचे मोल सांगावयास नको.

परंतु भर दुपारी रस्त्यावर उभे राहून गाडीवानास थांबविणार कोण? हे काम जीवदयेच्या संस्थांतील माणसांच्या वाट्याला आले, आणि त्यांच्या हाती कायद्याने दिले ते पहिल्या अपराधास पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडाचे कलम. 1960 साली ती रक्कम गाडीवानास जड होती. बैलजोडीची किंमत पुढे हजारोंनी वाढली; पन्नासाचा आकडा तेवढा जागचा हलला नाही.