मोठ्या फिशटँकसाठी स्वस्त फिल्टर कसा निवडायचा? जालन्याचं पाणी, ऊन आणि वीज लक्षात घ्या

चार फुटांची टाकी आणली, दिवे लावले, रंगीत मासे सोडले. पाणी काचेसारखं नितळ दिसतंय. तरीही आठवडाभरात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि एकेक करून मरतात. दोष 'नाजूक जातीला' दिला जातो. बऱ्याचदा खरं कारण असतं, फिल्टर तयार व्हायच्या आधीच सोडलेले मासे.

फिल्टर महाग घेतला की प्रश्न सुटतो, असंही नाही. जालना जिल्ह्यात फिल्टर निवडताना पाणी, ऊन आणि वीज या तिन्हींचा विचार करावा लागतो.

फिल्टर नेमकं काय करतो?

कचरा गाळणं हे फिल्टरचं दुय्यम काम आहे. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांसाठी विष असतो.

काही उपयुक्त जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तर दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असतं, नायट्रेट मात्र त्या मानाने बरंच सौम्य. हे जिवाणू स्पंज, खडे अशा खडबडीत पृष्ठभागावर चिकटून वाढतात. त्यांना राहायला जागा आणि सतत प्राणवायू असलेलं पाणी देणं, हे फिल्टरचं खरं काम.

जालन्यात काय वेगळं आहे?

पाणी: आपल्याकडची जमीन बेसाल्ट खडकाची. त्यामुळे विहिरी-बोअरचं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं. पाण्याचा पीएच 7 वरून 8 वर गेला, तर अमोनियाचा विषारी हिस्सा जवळपास नऊ-दहा पट होतो.

ऊन: 20 अंश तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसातच. मराठवाड्याच्या मे महिन्यात टाकीत प्राणवायू कमी आणि विषारी अमोनिया जास्त, अशी दुहेरी अडचण होते.

वीज: पुरवठा काही तास बंद राहिला की पाण्याचा प्रवाह थांबतो आणि फिल्टरमधले जिवाणू गुदमरू लागतात.

किती क्षमतेचा फिल्टर लागेल?

आधी टाकीचं पाणी मोजा. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत घेऊन गुणाकार करा आणि त्याला 28 ने गुणा. 4 × 1.5 × 1.5 फुटांची टाकी म्हणजे सुमारे 250 लिटर. तासाला याच्या चार पट, म्हणजे साधारण 1000 लिटर पाणी फिरायला हवं. खोक्यावरचा आकडा पाणी उंच चढवावं लागत नाही तेव्हाचा असतो. म्हणून थोडी मोठी मोटर घ्या.

पर्याय कोणते?

स्पंज फिल्टर: एअर पंपावर चालतो. सर्वांत स्वस्त, शिवाय बुडबुड्यांमुळे प्राणवायूही मिळतो. लहान माशांच्या मोठ्या टाकीला दोन मोठे स्पंज दोन टोकांना लावा. 5 वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला, तरी चार युनिटपेक्षा कमी वीज लागते.

टाकीत बुडणारा पॉवर फिल्टर: पाणी चांगलं गाळतो, पण जिवाणूंसाठी जागा कमी असते. मोठ्या टाकीत एकट्यावर भिस्त ठेवू नका.

कॅनिस्टर: उत्तम काम करतो, पण महाग. बंद डबा असल्याने दीर्घ वीजकपातीत आतलं पाणी सडतं. वीज आल्यावर ते तसंच टाकीत सोडू नका, आधी फेकून द्या.

वरचा डबा फिल्टर: मोठ्या टाकीला कमी खर्चात सर्वांत सोयीचा. मोटर पाणी टाकीच्या वर ठेवलेल्या प्लास्टिकच्या डब्यात चढवते. ते थरांतून झिरपून परत टाकीत पडतं. वीज गेली तर डब्यातलं पाणी खाली उतरतं, पण ओलसर थरांना हवा मिळत राहते. 20 वॅटच्या मोटरला महिन्याला साधारण 14 ते 15 युनिट लागतात.

डबा घरी कसा भरायचा?

डब्याच्या तळाला टाकीत उतरणारं निकासाचं भोक पाडा. थोडं वर दुसरं भोक ठेवा, म्हणजे खालचं तुंबलं तरी पाणी फरशीवर येणार नाही. पाणी पडतं तिथे सर्वांत वर स्पंज, त्याखाली भांडी घासायच्या नव्या प्लास्टिकच्या घासण्या आणि तळाशी न रंगवलेल्या कौलाचे किंवा फुटक्या माठाचे धुतलेले तुकडे भरा. महागड्या सिरॅमिक रिंगांचं काम यावर भागतं. साबण लावलेली किंवा तांब्या-पितळेची घासणी मात्र वापरू नका.

मोठा मासा, म्हणजे ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न किंवा गोल्डफिश असेल, तर वरचा डबा आणि सोबत एक स्पंज अशी जोडी ठेवा. स्पंजचा पंप इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर चालणारा घ्या. वीज नसताना माशांना खायला घालू नका. टाकीत हात घालण्याआधी मोटरचा प्लग काढा.

सर्वांत महागात पडणाऱ्या दोन चुका

पहिली, घाई. जिवाणूंची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला, तर वेळ वाचतो. सुरुवातीला दोन-चारच मासे सोडा.

दुसरी, फिल्टर नळाखाली धुणं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारतं. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज पिळा. सगळे थर एकाच दिवशी धुऊ नका.

आणि पाण्याचं काय?

कोणताही साधा फिल्टर नायट्रेट काढत नाही. त्यासाठी आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं लागतं, म्हणजे 250 लिटरच्या टाकीत 50 ते 60 लिटर. घाणेवाडी आणि जायकवाडीच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या जालना शहरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे हा हिशेब टाकी घेण्याआधीच करा. साठवलेलं पाणी ड्रममध्ये एअर स्टोन लावून दिवसभर ठेवलं, की त्यातलं साधं क्लोरीन उडून जातं. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असू शकते, त्यामुळे अँटी-क्लोरीन जवळ ठेवा.

काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, त्यातलं नायट्रेट झाडांना खत आहे. मनीप्लांटची मुळं टाकीच्या पाण्यात सोडली तर तेही नायट्रेट शोषून घेतं. उन्हाळ्यात आटलेल्या पाण्याची भर घातली म्हणजे पाणी बदललं, असं होत नाही. क्षार आत साठतच राहतात.

हे सगळं जमवूनही पाण्याची ओढाताण होत असेल, तर मासे कमी ठेवा. जड पाण्यात आनंदाने राहणारे गप्पी-मॉली थोड्या संख्येत ठेवले, तर साध्या फिल्टरवरही मोठी टाकी वर्षानुवर्षं नीट चालते.