भाईंदरची खाडी, मीठ आणि मराठी

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील भाईंदरचा इतिहास खाडीनेच घडविला आहे. इ. स. १५३४ च्या तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. इ. स. १७३९ मध्ये मराठ्यांनी प्रथम धारावी बेट घेतले; त्यानंतरच वसई चिमाजी अप्पांच्या हाती आली. दोनशे वर्षांच्या परकी सत्तेत उत्तनच्या कित्येक कोळ्यांचा धर्म बदलला. बोली मात्र मराठीच राहिली. ‘मिठागर’ शब्दातील ‘आगर’ हे संस्कृत ‘आकर’, म्हणजे खाण, याचे रूप होय. भरतीचे पाणी बांधांत अडवून ते उन्हात आटवीत, आणि त्या मिठावर गावाचा उदीम चाले. पुढे मीरा रोडला शांतीनगरसारख्या वसाहती वाढल्या आणि मिठागरे आकसली. किल्ल्यांचे अवशेष तरी उरतात. आगर बुजले की आगरवाल्यांच्या बोलीतील शब्द मागे खूण न ठेवता लोपतात. त्यांचा संग्रह आताच व्हावयास हवा.