धुणे व धुण्याच्या पाण्याचा पुनर्वापर

वस्त्रांवरील धूळ, घाम, तेलकटपणा व डाग पाणी आणि मलनाशक द्रव्ये यांच्या साहाय्याने काढून टाकण्याच्या क्रियेस धुणे म्हणतात. धुवावयाच्या कपड्यांनाही मराठीत हाच शब्द आहे. या क्रियेचा इतिहास साधनांइतकाच पाण्याच्या उपलब्धतेशी निगडित आहे. खानदेशासारख्या अवर्षणप्रवण भागात एकदा वापरलेले पाणी पुन्हा उपयोगात आणणे ही काटकसरीची सवय आहे, तशीच ती निकडही आहे.

प्राचीन काळ व बलुतेदारी : मनुस्मृतीत वस्त्रप्रकारानुसार शुद्धिद्रव्ये सांगितली आहेत : रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी खारी माती, कांबळ्यांसाठी रिठे आणि क्षौम वस्त्रांसाठी पांढरी मोहरी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रजकांनी लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच कपडे धुवावेत असा नियम असून तो मोडणाऱ्यास दंड सांगितला आहे. महाराष्ट्रात हे काम परीट करीत. बारा बलुतेदारांत त्यांची गणना होई आणि कामाचा मोबदला सुगीच्या वेळी धान्यरूपाने मिळे. रिठा, राख व पापडखार ही त्यांची द्रव्ये, तर धोपाटणे, दगड व भट्टी ही साधने होत. भट्टीत खाराच्या पाण्याने भिजविलेले कपडे वाफवून मळ सैल करीत. त्यामुळे धुण्यास पाणी कमी पुरे. सुतक व सोहेर फिटण्यास परटाची सेवा आवश्यक मानली जाई. समाजातील त्याचे स्थान मात्र खालचेच राहिले. लोकशिक्षक संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) याच समाजातील होत. घरचे रोजचे धुणे व त्यासाठी पाणी वाहून आणणे हे श्रम मात्र बहुतांशी स्त्रियांच्याच वाट्याला आले.

साबण व प्रक्षालके : १८८८ मध्ये सनलाइट हा इंग्लंडमधील साबण कलकत्ता बंदरात उतरला. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १९१८ मध्ये प्राणिज चरबीविरहित ‘चावी’ साबण बाजारात आणला. विहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम लवणांमुळे साबणाचा साका बनतो, फेस होत नाही आणि खळबळण्यास पाणी अधिक लागते. कृत्रिम प्रक्षालकांमुळे ही अडचण बरीच दूर झाली. सर्फ ही पावडर भारतात १९५९ मध्ये आली व अहमदाबाद येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या स्वस्त निरमामुळे प्रक्षालके खेड्यापाड्यांत पोहोचली.

धुलाई यंत्रे व धुण्याच्या टाक्या : अमेरिकेत हॅमिल्टन स्मिथ यांनी १८५८ मध्ये हाताने फिरविण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. विजेवर चालणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व घरगुती स्वयंचलित यंत्र १९३७ मध्ये आले. तेथील घरांत यंत्राशेजारी दगडी वा सिमेंटची जोडटाकी असे. काही यंत्रांत पहिल्या धुण्याचे साबणाचे पाणी पंपाने या टाकीत साठवीत. गाळ तळाशी बसल्यावर वरचे पाणी पुढच्या धुण्यासाठी यंत्रात परत घेत. त्यामुळे पाणी, साबण व पाणी तापविण्याचे इंधन या तिन्हींची बचत होई.

महाराष्ट्रात मध्यमवर्गीय घरांत यंत्राचा प्रसार मुख्यतः १९८० नंतर झाला. दोन कप्प्यांचे अर्धस्वयंचलित यंत्र बादलीने भरता येते. नळाला सतत दाब असण्याची त्याला गरज नसते. शिवाय त्यातील पाणी केव्हा सोडावयाचे हे वापरणाऱ्याच्या हाती राहते. पूर्ण स्वयंचलित यंत्र प्रत्येक टप्प्याचे पाणी आपोआप गटारात सोडते. मात्र समोरून उघडणाऱ्या यंत्रास वरून उघडणाऱ्यापेक्षा पाणी बरेच कमी लागते.

वरणगाव व खानदेश : वरणगाव हे भुसावळ तालुक्यातील (जि. जळगाव) गाव तापीच्या दक्षिणेस असून तेथे १९६४ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तापी-पूर्णा संगमाच्या खालच्या अंगास, गावापासून जवळच, हतनूर धरण आहे. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी सु. ७० सेंमी. असून जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्याही वर जाते. १९७२ च्या दुष्काळाची झळ महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला बसली. धरण जवळ असले, तरी घरात पाणी किती पोहोचते हे नळयोजनेवर अवलंबून असते.

भारतीय मानकानुसार नागरी भागात दरडोई दररोज १३५ लि. पाणी लागते व त्यांतील २० लि. धुण्यासाठी धरले आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन अभियानात ग्रामीण भागासाठी दरडोई ५५ लि. पाणी ठरविले आहे. या हिशेबाने पाच माणसांच्या ग्रामीण कुटुंबास दिवसाला २७५ लि. पाणी मिळते. वरून उघडणाऱ्या स्वयंचलित यंत्राच्या एका फेरीस साधारणतः १०० लि. किंवा अधिक पाणी लागते; म्हणजे दिवसाच्या वाट्याचा तिसरा हिस्सा वा त्याहून जास्त पाणी केवळ धुण्यात खर्च होते.

पुनर्वापराची रीत : आधी पांढरे, मग रंगीत आणि शेवटी जाडेभरडे व फार मळके कपडे एकाच साबणाच्या पाण्यात धुण्याचा क्रम हातधुण्यातूनच अर्धस्वयंचलित यंत्रात आला. उदाहरणार्थ, टाकीत ४५ लि. पाणी मावते असे मानल्यास तीन घाण्यांना, प्रत्येकी एक धुणे व दोन खळबळणी धरून, नऊ टाक्या म्हणजे ४०५ लि. पाणी लागेल. साबणाचे पाणी तिन्ही घाण्यांस एकच ठेवले आणि आधीच्या घाण्याचे दुसरे खळबळणीपाणी पुढच्याच्या पहिल्या खळबळणीस वापरले, तर पाच टाक्या म्हणजे २२५ लि. पुरतात. कपड्यांबरोबर निघून जाणारे थोडे पाणी वरून भरावे लागते. उरलेले पाणी अंगण, मोरी वा शौचालय धुण्यास उपयोगी पडते.

मर्यादा : प्रक्षालकाची मळ धरून ठेवण्याची शक्ती मर्यादित असते, ती संपल्यावर मळ कपड्यांवर पुन्हा बसून पांढरे कपडे करडे पडतात. रुग्णांचे कपडे व तान्ह्या मुलांची दुपटी यांचे पाणी पुन्हा वापरू नये. साठविलेले पाणी एका दिवसात कुजू लागते. मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ, केळ लावण्याची जुनी रीत राख-रिठ्याच्या काळात निर्धोक होती. प्रक्षालकांतील सोडियम मात्र काळ्या चिकण जमिनीत साठल्यास मातीची कणरचना मोडते व पाणी मुरेनासे होते. म्हणून बागेस शेवटच्या खळबळणीचेच पाणी, तेही साध्या पाण्याशी आलटूनपालटून द्यावे. साबणाच्या पाण्यासाठी शोषखड्डा बरा. ग्रामीण महाराष्ट्रात २००० पासून सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात सांडपाण्याच्या अशा व्यवस्थेस महत्त्व देण्यात आले. यंत्रामुळे हातांचे कष्ट कमी झाले, तरी पाण्याचा हिशेब ठेवण्याचे काम घरातील स्त्रीकडेच राहिले आहे.