देवाचा वारस कोण?

मंदिराचा जीर्णोद्धार झाला, कळस चढला, की आपले कर्तव्य संपले असे ग्रामस्थांना वाटते. परंतु देऊळ केवळ ऊनपावसानेच ढासळते असे नाही. वारसाहक्काच्या तंट्यानेही ढासळते. म्हणून या मंगल प्रसंगी एका जुन्या खटल्याची हकिकत सांगणे उचित वाटते.

तालुक्याच्या कचेरीत वारसनोंदीच्या तक्रारी नेहमीच येतात. बाप वारला की भाऊ भावाशी बोलेनासा होतो. घरच्या जमिनीपुरते हे एक वेळ समजू शकते. देवाच्या उत्पन्नावर वारसा सांगितला, तर काय? याचे उत्तर शेजारच्या गुजरातेतील डाकोरच्या श्रीरणछोडरायांच्या प्रकरणात मिळते. त्या काळी डाकोर व आपला खानदेश दोन्ही मुंबई इलाख्यातच होते.

डाकोरचे सध्याचे मंदिर गोपाळ जगन्नाथ तांबेकर या मराठी सावकाराने १७७२ साली बांधले. पूजाअर्चा पिढीजात सेवक घराण्यांकडे होती. भाविक जे जे देवापुढे ठेवीत ते आपल्याच मालकीचे, असे हे सेवक मानू लागले. तेव्हा तांबेकर घराण्यातील मनोहर गणेश व इतर भाविक यांनी कोर्टात दाद मागितली. पूर्वजांनी बांधलेले देऊळ आपल्या नावे करून द्या, असे त्यांचे मागणे नव्हते. देवाच्या पैशाचा हिशेब द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.

१८८७ साली मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असून अर्पण केलेले धन तिचे आहे. ते हाती घेणारे सेवक विश्वस्त ठरतात व त्यांना हिशेब द्यावा लागतो. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १८९९ साली तेथेही सेवकांना यश आले नाही.

हेच तत्त्व आजही चालते. सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, देवस्थानच्या जमिनीची मालक देवताच आहे आणि मालकाच्या रकान्यात पुजाऱ्याचे नाव असण्याचे कारण नाही. आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची जमीन विकता येत नाही. विश्वस्त बदलल्यास त्याची खबरही त्या कचेरीस द्यावी लागते.

आता वकिलांविषयी. देव स्वतः कोर्टात बोलू शकत नाही. त्याच्या वतीने माणसेच वकीलपत्र देतात. म्हणून न्यासाच्या वकिलाची जबाबदारी मोठी. सही विश्वस्ताची असली तरी हित देवस्थानचे पाहावयाचे. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे एका पक्षास सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच कामात विरुद्ध पक्षातर्फे उभे राहू नये, अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवावा, आणि ज्या दाव्यात आपण काम केले त्यात लिलावास निघालेली मिळकत स्वतः घेऊ नये. भाऊबंदकीत विश्वस्त दोन बाजूंना झाले, तर न्यासाच्या वकिलाने एका भावाचा वकील होणे योग्य नव्हे.

नावातच कळस असलेल्या आपल्या कळसाडीच्या ग्रामस्थांना एवढीच विनंती : देवाचे कागद एके ठिकाणी ठेवावेत, सातबाऱ्याचा उतारा दरवर्षी पाहावा, आणि जमाखर्च गावसभेत वाचून दाखवावा. देवाला वारस नसतो. त्याला राखणदार लागतात, आणि ते आपण सर्व आहोत.