न केलेल्या क्लिकचा दोष : ‘गेट’ आणि ‘पोस्ट’ची कथा

मे २००५. अमेरिकेतील ३७सिग्नल्स या कंपनीची ‘बॅकपॅक’ ही टिपणे ठेवण्याची वेबसेवा नुकतीच सुरू झाली होती. काही ग्राहकांची पाने आपोआप नाहीशी होऊ लागली. कोणी घुसखोरी केली नव्हती की ‘डिलीट’वर क्लिक केले नव्हते. या ग्राहकांनी गूगलचे ‘वेब ॲक्सिलरेटर’ हे नवे साधन वापरायला घेतले होते, एवढेच.

दोष कोणाचा, हे समजण्यासाठी १९९१ मध्ये जावे लागते. सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी एचटीटीपीचा पहिला आराखडा मांडला, तेव्हा त्यात ‘गेट’ हीच एक विनंती होती. एका ओळीत पत्ता द्यायचा, सर्व्हरने दस्तऐवज पाठवायचा आणि जोडणी तोडायची. पुढे माहिती भरून पाठवण्यासाठी ‘पोस्ट’ आली. दप्तरातील कागद पाहायला मागणे वेगळे आणि त्यात फेरफार नोंदवणे वेगळे. तोच हा भेद.

मे १९९६ च्या ‘आरएफसी १९४५’ने तो लेखी केला. ‘गेट’ने आणण्यापलीकडे काही करू नये, म्हणून ती ‘सुरक्षित’ मानावी, असा संकेत त्यात नोंदवला गेला. अधिक महत्त्वाचे कलम पुढचे आहे: ‘गेट’मुळे सर्व्हरवर काही घडलेच, तर वापरकर्त्याने ते मागितलेले नसल्याने त्याला जबाबदार धरता येणार नाही. म्हणजे ही ‘सुरक्षितता’ चोरांपासूनची नव्हे. तिचा संबंध उत्तरदायित्वाशी आहे. शोधयंत्रांचे बॉट रात्रंदिवस अनोळखी दुव्यांवर निर्धास्त फिरतात, ते याच भरवशावर.

बॉट मात्र लॉग-इन केलेले नसतात. ॲक्सिलरेटर वापरकर्त्याच्याच ब्राउझरमागे उभा राहून, त्याच्याच ओळखीने, पानावरील दुवे आधीच उघडून ठेवत असे. त्या दुव्यांत ‘डिलीट’ही होता. साधा दुवा नेहमी ‘गेट’च पाठवतो; पुसण्यासाठी ‘पोस्ट’ हवी असेल तर फॉर्म आणि त्याचे ओबडधोबड बटण लागे. सुबक दिसावे म्हणून असंख्य प्रोग्रामरांनी दुव्याचा मार्ग धरला होता. ‘नक्की पुसायचे?’ ही जावास्क्रिप्टची खिडकीही निरुपयोगी ठरली, कारण ॲक्सिलरेटर स्क्रिप्ट चालवतच नव्हता. त्याने फक्त पत्ते वाचले आणि मागवले.

मोठा वाद पेटला. जून १९९९ च्या ‘आरएफसी २६१६’तही शब्द ‘करू नये’ असाच होता. सक्त मनाईचा नव्हता. ही पळवाट खरी, पण लंगडी. तरीही गूगलची बाजू पूर्णपणे स्वच्छ म्हणता येत नाही: वेबवर प्रत्यक्षात काय चालते, हे त्या कंपनीइतके कोणाला ठाऊक होते?

जानेवारी २००७ मध्ये ‘रूबी ऑन रेल्स’ची १.२ आवृत्ती आली. वाचणे, निर्माण करणे, बदलणे आणि पुसणे यांसाठी ‘गेट’, ‘पोस्ट’, ‘पुट’ आणि ‘डिलीट’ या वेगवेगळ्या विनंत्या वापरण्याची शिस्त तिने प्रोग्रामरांच्या हाती दिली. हे रेल्स बेसकॅम्पच्या कामातून जन्मले होते, आणि बेसकॅम्प ३७सिग्नल्सचेच होते.