कच्ची वही आणि पक्की वही



इतिहासावरील व्याख्यान म्हटले की आपल्या कोल्हापुरात श्रोते पन्हाळ्याची वाट धरतात. आज मी आपल्याला फार लहान मुलखात नेणार आहे. संगणक सुरू झाल्यापासून तो आपल्या कामाला लागेपर्यंत जे काही क्षण जातात, त्या क्षणांचा हा इतिहास आहे. मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा लवकर सुटली, आणि यंत्रविद्या जी काही आली ती रात्री पुस्तके लावून आली. तेव्हा विद्वानाच्या अधिकाराने मी बोलत नाही. पण यंत्राच्या पोटात जागेचे वाटप कसे होते आणि आरंभी घेतलेली जागा पुढे कशी मोकळी होते, हे वाचताना मला वाटले की यात आपल्या सार्वजनिक जीवनाला उपयोगी असे काही आहे.

प्रथम अडचण समजून घेऊ. संगणकाला काही करायचे तर आज्ञा लागतात आणि त्या आज्ञा त्याच्या स्मृतीत असाव्या लागतात. बंद यंत्राची स्मृती कोरी असते. मग आज्ञा आत आणण्याची आज्ञा कोण देणार? इंग्रजीत या पेचाला आपल्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला उचलण्याची उपमा दिली गेली आणि तिच्यातून ‘बूट’ हा शब्द रूढ झाला. आपल्या कोल्हापुरी पायताणाला तसला पट्टा नसल्यामुळे ही उपमा आपल्याला सुचली नसती. आपण आधी कोंबडी की आधी अंडे असे विचारले असते. तोड अशी निघाली की आधी चार ओळींच्या आज्ञा कशातरी आत घालाव्या, त्यांनी मोठ्या आज्ञा आणाव्या आणि मग स्वतः बाजूला व्हावे. १९५२ सालच्या आयबीएम ७०१ या यंत्रावर त्यासाठी एक कळच होती. ती दाबली की कार्डावरचा वा फितीवरचा पहिला शब्द स्मृतीत येई आणि पुढची साखळी सुरू होई.

बाजूला व्हायचे ते का? जागा थोडी म्हणून. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः गणकयंत्र बांधले. ते १९६० साली चालू झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची स्मृती फेराइटच्या कड्यांची होती. तीत ४० अंशांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या मापाने १०,२४० बाइट. देवनागरीचे एकेक चिन्ह साठवायला आज तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने माझ्या या व्याख्यानाचा जेमतेम तिसरा हिस्सा त्या यंत्रात मावला असता. जेथे एवढी तंगी, तेथे काम संपल्यावर कोणी जागा अडवून बसणे परवडणारे नव्हते.

१९५९ साली जाहीर झालेल्या आयबीएम १४०१ या यंत्राची लहानातली लहान स्मृती १,४०० अक्षरांची होती. एका कार्डावर ८० रकाने असत, आणि कार्ड वाचले की ते स्मृतीच्या १ ते ८० या जागांत येई. पुढचे कार्ड आले की त्याच जागांत बसे आणि पहिले पुसले जाई. पहिल्या कार्डाने आपले काम करावे, आणलेला माल पुढच्या जागेत ठेवावा आणि जागा दुसऱ्याला द्यावी, असा तेथला शिरस्ता होता. १९६५ सालच्या पीडीपी-८ या छोट्या यंत्रात आरंभीच्या पंधरा-वीस आज्ञा माणूस समोरच्या खटक्यांनी हाताने भरी. त्या स्मृतीच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात ठेवण्याची रीत होती, हेतू हा की त्या कोणाच्या पायात येऊ नयेत.

हीच ती वर्षे की ज्यांत आयुर्विमा महामंडळातल्या कर्मचाऱ्यांनी गणकयंत्रांविरुद्ध लढा दिला, आणि १९७२ साली आपल्या वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्वयंचलनावर अहवाल दिला. यंत्र आले की माणूस मोकळा होणार, ही तेव्हाची भीती होती. ‘मोकळा’ हा शब्द येथे लक्षात ठेवा. मी त्याकडे परत येणार आहे.

महाराष्ट्रातला दुसरा टप्पा पुण्याचा. १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. तो ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक चिपा एकमेकींना जोडून केलेला होता. या चिपेची जागे होण्याची एक तऱ्हा मोठी मजेची आहे. शेजारच्या चिपेकडून तारेतून पहिला बाइट येतो. तो सांगतो, मागून इतके बाइट येत आहेत. तेवढे स्मृतीच्या आरंभी भरून घ्यायचे आणि ते चालवू लागायचे. जागी झालेली चिप मग पुढच्या शेजारणीला उठवू शकते. गिरणीच्या चाळीत पहाटपाळीला एकाने दुसऱ्याचे दार वाजवावे, तसाच हा प्रकार.

त्याच १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टॉर्व्हल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. गाभा म्हणजे इंग्रजीत ज्याला कर्नल म्हणतात तो. फौजेतल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही. यंत्रातली सर्व साधनसामग्री सांभाळणारा आणि इतर कामांना ती वाटून देणारा हा कारभारी होय. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्स आहे आणि जगातल्या पाचशे सर्वांत वेगवान संगणकांचाही तोच आहे. म्हणून पुढची हकीकत मी लिनक्सची सांगतो.

स्मृतीचे वाटप पानांनी होते. बहुधा एक पान ४,०९६ बाइटांचे असते. कायमच्या वाटपाची पद्धत केनेथ नोल्टन यांनी १९६५ साली मांडलेल्या विचारावर आधारलेली आहे. मोठा तुकडा मागणीप्रमाणे निम्मा-निम्मा करीत जायचे. दोन्ही अर्धे मोकळे झाले की ते पुन्हा जोडायचे. आपल्याकडे भाऊबंदांची वाटणी झाली की शेताचे तुकडे पुन्हा एक होत नाहीत. येथे ते होतात. पण या कायम कारकुनाला प्रत्येक पानाची नोंद ठेवावी लागते. एका पानाची नोंद बहुधा ६४ बाइटांची, म्हणजे एकूण स्मृतीचा चौसष्टावा भाग या पक्क्या वहीतच जातो. ६४ जीबीच्या यंत्रात ही वही १ जीबीची होते.

आता पेच पाहा. ही पक्की वही मांडायला जागा हवी. जागा देणार कायम कारकून, आणि वही मांडल्याशिवाय कायम कारकून कामावर येऊ शकत नाही! म्हणून एक हंगामी कारकून नेमावा लागतो. त्याच्याजवळ एक कच्ची वही असते, आणि तिच्यावर तो आरंभीचे वाटप करतो.

सुरुवातीच्या लिनक्समध्ये ही कच्ची वही म्हणजे नुसता एक आकडा होता: स्मृती येथवर वापरली गेली आहे. प्रत्येक खात्याने तो आकडा घ्यायचा, लागेल तेवढी जागा ठेवून घ्यायची आणि वाढलेला आकडा पुढच्या खात्याकडे द्यायचा. पद्धत सरळ होती, पण तीत परतीची सोय नव्हती. एकदा घेतले ते घेतले. शिवाय सारी स्मृती सलग आहे असे तीत गृहीत होते, आणि मोठ्या यंत्रांत तसे नसते.

पहिली सुधारणा आज्ञांच्या बाबतीत झाली. यंत्रातली उपकरणे हुडकणे, त्यांना चालू करणे, अशा कितीतरी आज्ञा फक्त एकदा, सुरुवातीलाच लागतात. १९९६ नंतरच्या २.१ या मालिकेत अशा आज्ञांवर ‘आरंभापुरती’ अशी खूण करून त्या एका बाजूला गोळा करण्याची रीत आली, आणि जानेवारी १९९९ च्या २.२ आवृत्तीबरोबर ती सर्वांपर्यंत पोचली. उभारणी संपली की ती सर्व पाने एकदम मोकळी होतात. लिनक्स सुरू होताना पडद्यावर जो मजकूर सरकत जातो, त्यात आता वापरात नसलेली गाभ्याची स्मृती मोकळी केल्याची एक ओळ असते, ती हीच.

बांधकामावर काम केलेल्यांना हे सांगायला नको. स्लॅबखालचे सेंट्रिंग स्लॅब भरताना अत्यावश्यक असते आणि स्लॅब आवळल्यावर ते काढावेच लागते, नाहीतर खोलीत राहता येत नाही. पण एखादा भार अजून त्या टेकूवर असेल आणि टेकू काढला, तर घर कोसळते. येथेही तोच धोका असतो. कायम आज्ञांपैकी एखादीने पुढे कधी आरंभापुरत्या आज्ञेला हाक मारली, तर तेथे आता दुसऱ्याचाच माल असतो. म्हणून गाभा बांधतानाच अशा चुकीच्या हाका शोधून इशारा देणारी तपासणी बसवण्यात आली.

दुसरी सुधारणा कच्च्या वहीची. १९९९ साली इंगो मोल्नार यांनी बूटमेम ही पद्धत लिहिली. तीत प्रत्येक पानामागे एकच खूण: दिलेले की शिल्लक. हिशेब करून पाहा. एका पानात ३२,७६८ खुणा मावतात, म्हणजे १२८ एमबी स्मृतीची सगळी कच्ची वही एका पानात बसते. हंगामी कारकुनाला आता घेतलेले पान परतही करता येऊ लागले. पक्की वही तयार झाली की तो एकेक खूण पाहतो आणि शिल्लक असलेले प्रत्येक पान कायम कारकुनाच्या हवाली करतो. मग शेवटी त्याच्या हातात काय राहते? ती कच्ची वही. तिचीही पाने तो जमा करतो! हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ज्या वहीने सगळ्यांचा हिशेब ठेवला तिने शेवटची नोंद स्वतःची करावी, इतकी सरळ हातबदली मी माणसांत फार थोड्या वेळा पाहिली आहे.

पुढे वहीची मांडणी बदलली. आयबीएमचे पीटर बर्गनर यांनी २००१ साली पॉवरपीसी यंत्रांसाठी वेगळी रीत लिहिली होती. पानागणिक खूण न करता ‘येथपासून येथपर्यंत’ अशा पट्ट्यांच्या दोन याद्या ठेवायच्या, एक असलेल्या स्मृतीची आणि दुसरी राखून ठेवलेल्या स्मृतीची. गावच्या जमिनीची गटवार नोंद असते तशी. २०१० साली तिला मेमब्लॉक हे नाव मिळाले आणि ती इतर यंत्रांवर पसरली. काही वर्षे दोन्ही वह्या शेजारी नांदल्या. डिसेंबर २०१८ च्या ४.२० आवृत्तीत माइक रापोपोर्ट यांच्या प्रयत्नाने बूटमेम पूर्ण काढून टाकण्यात आले. हंगामी कारकुनांची कामे दुसऱ्याकडे सोपवायलाही आठ वर्षे लागली, याची नोंद आपण करून ठेवावी.

आणि एक बारकावा. हातबदली झाल्यानंतर कोणी जुन्या सवयीने कच्च्या वहीतच ‘हे पान परत केले’ असे लिहिले तर काय होते? वही जाग्यावर असली तर तीत पान शिल्लक दिसते, पण पक्क्या वहीत ते येत नाही. यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत ते पान कोणाच्याच उपयोगी पडत नाही. वही रद्दीत गेलेली असली तर ती नोंद दुसऱ्याच्या मजकुरावर उमटते. म्हणून उशिरा परत येणाऱ्या पानांसाठी कायम कारकुनाकडे थेट जमा करण्याचा वेगळा मार्ग ठेवला आहे. उलट, फोनांत सर्रास आढळणाऱ्या एआरएम जातीच्या यंत्रांवर मेमब्लॉकच्या याद्या पुढेही लागतात. तेथे त्या मोडीत काढीत नाहीत. उपयोग उरला आहे तोवर ठेवावे, संपला की द्यावे, एवढाच नियम.

बंधुभगिनींनो, यावरून कोणी मालक मला म्हणेल, ‘पाहा, यंत्रसुद्धा हंगामी माणसाला काम संपताच मोकळे करते.’ त्याला माझे उत्तर आहे. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांत हंगामी कामगार असतात. गाळप संपले की ते मोकळे होतात. पानाला दोन हंगामांच्या मधे भूक लागत नाही, माणसाला लागते. म्हणून तर बिगरहंगामातला रिटेन्शन भत्ता हा हक्काचा विषय झाला. पण एवढ्यानेही उत्तर पुरे होत नाही. गाभ्याच्या भाषेत मोकळे करणे याचा अर्थ हाकलणे असा मुळीच नाही. मोकळे झालेले पान त्या क्षणी कामासाठी उपलब्ध झालेल्यांच्या यादीत जाते, जुन्या पानांच्या बरोबरीने, आणि त्याला पुन्हा काम मिळते. गाभा एकही पान हिशेबाबाहेर टाकीत नाही, आणि टाकले गेलेच तर त्याला दोष समजून दुरुस्त करतात. ज्या दिवशी आपल्या कारखान्यांत मोकळे होण्याचा हा अर्थ होईल, त्या दिवशी यंत्राचा दाखला मी आनंदाने मान्य करीन.

दाखला खरा लागू पडतो तो दुसऱ्या बाजूला, आपल्यालाच. संप उभारायला कृती समिती लागते, पतपेढी काढायला प्रवर्तक मंडळ लागते, मंडळाची घटना होईपर्यंत हंगामी कार्यकारिणी लागते. ही सगळी आपली सेंट्रिंगे. त्यांच्यावाचून काही उभे राहत नाही. पण काम उभे राहिल्यावर किती समित्या कच्ची वही बंद करतात? वीस-वीस वर्षे हंगामी अध्यक्ष असलेली माणसे मला माहीत आहेत, आणि पक्की वही कधी उघडलीच गेली नाही अशा संस्थाही माहीत आहेत. आरंभ करणाऱ्याचा मान मोठा खरा, पण त्या मानावर जागेची मालकी सांगता येत नाही.

लिनक्सच्या या इतिहासातून कार्यकर्त्याने तीन गोष्टी उचलाव्यात. आपल्यावर अजून कोणाचा भार आहे ते आधी पाहावे. मग पैन् पै, पान न् पान मोजून दुसऱ्याच्या हवाली करावे. आणि शेवटी आपली वहीसुद्धा जमा करावी. एवढे झाल्यावर जी जागा रिकामी होते तीत नवे काम मावते. आपल्या हातातला फोन हे दर वेळी सुरू होताना करतो. आपल्याला ते आयुष्यात दोन-चार वेळाच करायचे असते.