गुण कोणाला, छाट कोणाची?



महागडे सिगार चाखून त्यांना गुण देणे हा आता मोठ्या शहरांतील पैसेवाल्यांचा छंद झाला आहे. अमेरिकेत १९९२ साली निघालेल्या 'सिगार अफिसिओनाडो' या मासिकाने सिगारला १०० पैकी गुण द्यायला सुरुवात केली आणि ही पद्धत जगभर गेली. शौकीन माणूस सिगारचे तीन भाग कल्पून प्रत्येक भागाची चव वेगळी नोंदवतो. कुठे कॉफी लागली, कुठे चामडे, कुठे देवदाराचे लाकूड. वरचे पान गुळगुळीत आहे का, राख किती वेळ टिकते, धूर सहज येतो का, हे सगळे तपासले जाते.

या गुणपत्रिकेत एक रकाना मात्र नसतो. पान वळणाऱ्या हाताला काय मिळाले? आमचा आक्षेप एवढ्यापुरताच नाही. ज्या तंबाखूला श्रीमंताच्या दिवाणखान्यात गुण मिळतात, त्याच तंबाखूच्या धंद्यात मजुराच्या मालाला 'छाट' मिळते. पारखणे दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की एकीकडे त्याचा छंद होतो आणि दुसरीकडे त्यातून मजुरी बुडते.

आधी सिगारचे माहेरघर पाहू. क्युबात गुलामगिरी १८८६ पर्यंत कायद्याने चालू होती. हवाना शहरातील सिगार वळणाऱ्या कामगारांनी १८६५ साली 'एल फिगारो' कारखान्यात एक प्रथा सुरू केली. कामगार दिवसभर पाने वळत आणि एक वाचक उंच जागी बसून त्यांना वर्तमानपत्रे व पुस्तके मोठ्याने वाचून दाखवी. वाचकाचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत. शिकलेला मजूर प्रश्न विचारतो, हे सत्तेला लगेच कळले आणि पुढच्याच वर्षी या वाचनावर बंदी आली. ती टिकली नाही. अमेरिकेतील टॅम्पा शहरात कारखानदारांनी १९३१ साली वाचकांना हाकलले, तेव्हा कामगार संपावर गेले. आज 'मॉन्टेक्रिस्टो' सिगारला गुण देणाऱ्या किती शौकिनांना ठाऊक असते, की हे नाव अशा वाचनात कामगारांना आवडलेल्या कादंबरीवरून आले असे सांगतात?

आता आपल्या मुलखाकडे या. इंग्रज साहेबांचा आवडता चिरूट दक्षिणेतून, त्रिचनापल्लीकडून येई. आमचे परतवाडा म्हणजे जुन्या एलिचपूरची लष्करी छावणी. ती १८९३ मध्ये उठली. नागपूरजवळचे कामठी हेही १८२१ पासूनचे छावणीचे गाव. छावण्यांतले साहेब चिरूट ओढत, आणि सामान्य माणसाच्या हाती बिडी आली. तिला लागणारे तेंदूपान आमच्या मेळघाटासारख्या जंगलांतून येते. उन्हाळ्यात कोरकू बाया-माणसे पहाटेच जंगलात जातात, पाने तोडतात, ७० पानांचे एक पुडके बांधतात आणि फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन देतात. पुढे ते पान बिडी वळणाऱ्याच्या सुपात पडते. विदर्भात त्या सुपापुढे आपली कितीतरी माणसे बसली, आणि त्यांत बाया फार होत्या.

मजुरी हजार बिड्यांमागे ठरते. कारखानदार आणि मजूर यांच्या मध्ये सट्टेदार, म्हणजे ठेकेदार, असतो. पान आणि जर्दा तोच तोलून देतो. संध्याकाळी माल तपासून वाकडी, सैल, फाटकी म्हणून काही बिड्या बाजूला काढतो. हीच छाट. तिची मजुरी मिळत नाही, पण अनेकदा बिडी मात्र ठेकेदाराकडेच राहते. पान खराब दिले म्हणून बिडी फाटली, तरी दोष वळणारीचा. तपासणाराही तोच, फायदा घेणाराही तोच, आणि दाद मागायची तीही त्याच्याचकडे! हा न्याय कुठला?

या न्यायाविरुद्ध उभा राहिला तो कामठीचा माणूस, बाबू हरदास एल. एन. (जन्म ६ जानेवारी १९०४). 'जयभीम' या अभिवादनाचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांनी बिडी मजुरांना संघटित केले, ठेकेदारांच्या लुटीतून सोडवण्यासाठी सहकाराचा मार्ग धरला, ते आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्यांनी १९२७ साली कामठीत रात्रशाळा काढली आणि संत चोखामेळा यांच्या नावाने ग्रंथालयही सुरू केले. क्युबाच्या कामगाराने मजुरी खर्चून वाचक ठेवला, हरदासांनी दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्री शाळा उघडली. दोन्हींमागची जाणीव एकच: हात कामात गुंतले तरी डोके मालकाच्या ताब्यात देऊ नये. हरदास १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून आले. १२ जानेवारी १९३९ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले.

बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. बिडीच्या सुपापुढे हे दोन्ही शत्रू एकत्र भेटतात. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये रेगे समिती नेमली गेली. तिने बिडी, सिगार आणि सिगारेट या धंद्यांतील मजुरांवर स्वतंत्र अहवाल दिला. पुढे १९६६ मध्ये बिडी व सिगार कामगार कायदा झाला. त्याचे नावच पाहा: आजचा शौकीन ज्या दोन वस्तूंत जमीन-अस्मानाचा फरक मानतो, त्या कायद्याने एका ओळीत बसवल्या. घरी बसून वळणारी बाईही कामगार ठरली. कलम ३९ ने कच्चा माल, नाकारलेली बिडी आणि तिची मजुरी यांचे वाद सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे आणले. म्हणजे छाटीचा शेवटचा शब्द मालकाच्या हातून काढला. कारखानदार न्यायालयात गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कायदा कायम ठेवला.

मग २०१७ मध्ये जीएसटी आला आणि बिडी कामगारांच्या कल्याण निधीला पैसा पुरवणारा उपकर बंद झाला. दवाखाना, घर, मुलांची शिष्यवृत्ती यांचा हक्काचा झरा आटला. १९६६ चा कायदाही २०२० च्या कामगार संहितेत विलीन करण्यात आला.

कोणी विचारेल, "तुम्ही बुद्धाचे अनुयायी, मग तंबाखूची बाजू का घेता?" आम्ही तंबाखूची बाजू घेत नाही. बिडी घातक आहे आणि सिगार महाग आहे म्हणून तो कमी घातक होत नाही. तंबाखूची धूळ तर न ओढणाऱ्या बाईच्याही छातीत जाते. पण व्यसन सुटावे म्हणणाऱ्याने सूप सोडणाऱ्या बाईच्या हाताला दुसरे काम काय, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर तो उपदेश म्हणजे तिच्या आयुष्याची छाटच.

वाट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपान गौण वनोपजात धरले आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. आमच्याच अचलपूर तालुक्यातील पायविहीरने सामूहिक वनहक्क मिळवून जंगल राखले आणि सीताफळाची विक्री स्वतः उभी केली. हरदासांचा सहकार याच वाटेने पुढे जातो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. येत्या ६ जानेवारीला हरदासांच्या प्रतिमेला हार घालाच, पण त्या दिवशी आपल्या वस्तीतील बिडी वळणाऱ्या एका तरी बाईच्या हिशोबाची वही उघडून बघा. हजारामागे किती मिळाले, छाट किती गेली, कोणी काढली, ते लिहून घ्या. 'जयभीम' म्हणणाऱ्या समाजाने निदान एवढे तरी मोजायला शिकले पाहिजे.

जयभीम!